एका दरीसाठी एक दिवस

मॉरिशसला जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे दोनच प्रश्न विचारतात. समुद्र कसा होता आणि एकंदर पडले किती? गेल्या मे महिन्यात आम्ही जाऊन आलो तेव्हापासून या दोन्ही प्रश्नांना मी तोंड देत आहे. समुद्र निळा होता. पडले ते पुढची दोन वर्षे आठवत राहील इतके. पण तिथल्या सहा दिवसांपैकी एक अख्खा दिवस आम्ही एकच दरी पाहण्यात घालवला, असे सांगितले की समोरचा माणूस जरा चपापतो. आमच्या स्टाफरूममधल्या एका प्राध्यापिकाबाईंनी तर स्पष्टच विचारले, "दरी पाहायला एवढ्या लांब? माथेरान काय वाईट होते?"

त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. पण त्या एका दिवसाची आखणी हा आमच्या घरात दोन महिने गाजलेला विषय होता, आणि जाणाऱ्या चौघांत एक माणूस असे होते की ज्याला 'राहिले तर पुढच्या वेळी पाहू' असे म्हणता येत नव्हते.

माझ्या सासूबाईंना काचबिंदू आहे. मोतीबिंदू आणि काचबिंदू यांत लोक नेहमी गल्लत करतात. मोतीबिंदू काढता येतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. थेंब घालून उरलेली राखायची, एवढेच हाती असते. आणि ती जाते तीही कडेकडून. मधले दिसत राहते, आजूबाजूचे विझत जाते. सासूबाई स्वतः "मी फुंकणीतून पाहते" असे सांगतात. चुलीपुढे वर्षानुवर्षे काढलेल्या बाईला याहून नेमकी उपमा सुचणार नाही. मी मराठी शिकवते, पण मला ती सुचली नव्हती.

प्रवासी कंपनीचे माहितीपत्रक आमची कन्या एका रविवारी मोठ्याने वाचून दाखवत होती. प्रवाळ, काचेच्या तळाची होडी, पाण्याखालची चाल. सासूबाई शेंगा सोलत ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "समुद्र राहू दे गं. कोकणातली मी, मला समुद्राचं काय नवल? ती दरी म्हणालीस ना मघाशी, ती दाखवा मला."

चिपळूणजवळच्या एका वाडीत, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी त्या वाढल्या. डोंगर पाहिला तो खालून. लग्न होऊन कऱ्हाडला आल्या, आणि पुढे तीस-चाळीस वर्षे माहेरी गेल्या-आल्या त्या कुंभार्ली घाटातून रात्रीच्या एस.टी.ने, मांडीवर मूल आणि डोळ्यांवर झोप घेऊन. वर उभे राहून खाली पाहायचे राहूनच गेले. आता वय चौऱ्याहत्तर, आणि फुंकणी दरवर्षी थोडी अरुंद होत चाललेली.

मॉरिशस हे ज्वालामुखीने समुद्रातून वर काढलेले बेट आहे. लांबी सुमारे ६५ किलोमीटर, रुंदी ४५. किनाऱ्याने ऊस आणि हॉटेले, मध्ये उंच पठार, आणि त्या पठाराच्या नैर्ऋत्य भागात पाण्याने कोरून काढलेली, रानाने भरलेली खोल दरी. तिचे नाव ब्लॅक रिव्हर गॉर्जेस. १९९४ साली दरीसकट साडेसहा हजार हेक्टरांहून अधिक रान राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवण्यात आले.

आता ही दरी पाहायची कशी? आमचे हे बँकेत आहेत, आणि वेळापत्रक हा त्यांचा आवडता साहित्यप्रकार आहे. त्यांनी तीन कंपन्यांच्या 'दक्षिण बेट सहली' शेजारी शेजारी मांडून एक तक्ता तयार केला. साऱ्यांचा क्रम जवळपास एकच. सकाळी क्यूरपीप गावातले ज्वालामुखीचे विझलेले विवर, मग जहाजांच्या प्रतिकृतींचा कारखाना, मग गंगा तलाव, मग दरी, मग शामारेलचा धबधबा, मग तिथलीच सप्तरंगी माती, आणि परतताना कुठल्यातरी दुकानापाशी सक्तीचा थांबा. सात ठिकाणे, नऊ तास. त्यात दरीच्या वाट्याला बाराच्या सुमाराची पंधरा मिनिटे.

"पंधरा मिनिटं पुष्कळ झाली," हे म्हणाले. "दरी काय, उभं राहिलं की दिसते."

तुम्हा-आम्हाला दिसते. फुंकणीतून पाहणाऱ्याला दरी एकदम दिसत नाही. तिला ती तुकड्यातुकड्याने पाहावी लागते, आधीचा तुकडा मनात धरून पुढचा त्याला जोडावा लागतो. जाजम विणण्यासारखे ते काम आहे. मी यांना एक प्रयोग करायला लावला. वर्तमानपत्राची सुरळी एका डोळ्याला लावायची, दुसरा मिटायचा, आणि गच्चीतून समोरची टेकडी पाहायची. चार-पाच मिनिटांनी सुरळी खाली ठेवून ते आत आले आणि तक्त्यातला जहाजांचा कारखाना त्यांनी आपण होऊन खोडला. बाकीची सहा ठिकाणे मात्र जागेवरच होती.

दुसरी अडचण ढगांची. त्या बेटावर आग्नेयेकडून वारा येतो. समुद्रावरची वाफ घेऊन तो पठारावर चढतो, वर थंड होतो, आणि ढग होऊन पठारावरच बसतो. आपल्या सह्याद्रीवर नैर्ऋत्येचा वारा जे चार महिने करतो, ते तिथे कमीजास्त प्रमाणात बारा महिने चालते. फक्त दिशा उलटी, त्यामुळे तिथले कोकण पूर्वेला आणि देश पश्चिमेला. पठारावर वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो आणि पश्चिम किनाऱ्यावर जेमतेम हजाराच्या आत. म्हणून पश्चिम किनाऱ्यावरच्या हॉटेलात उन्हात बसून 'आज हवा छान आहे, चला दरी पाहू' असे ठरवण्यात अर्थ नसतो. किनाऱ्यावर टोपी लागते त्याच वेळी तासाभराच्या अंतरावर वर स्वेटर लागलेला असतो. सामान्यतः सकाळी लवकर आभाळ मोकळे असते आणि दिवस चढेल तसे ढग जमतात, असे जो तो सांगतो. म्हणजे सहल कंपन्या दरीपाशी पोहोचतात ती वेळ मुळातच धोक्याची.

तेव्हा मी ठरवले की क्रम उलटा करायचा. कंपनीची बस सोडून दिवसभरासाठी मोटार घ्यायची, दर आधीच बोलून ठेवायचा. उतरायचे पश्चिम किनाऱ्यावर, फ्लिक-आँ-फ्लाक या गावी. तिथून किनाऱ्याने दक्षिणेला तामारँ, पुढे काझ न्वायाल, तिथे डावीकडे वळून शामारेलच्या घाटाने वर, आणि सगळ्यांच्या आधी दरीच्या काठावर. मग पुढे गंगा तलावापर्यंत जायचे आणि त्याच रस्त्याने परत यायचे. म्हणजे दरीचे ठिकाण दिवसातून दोनदा वाटेत येते. एका वेळी ढग निघाले तर दुसरी वेळ हाताशी. या 'दोनदा'वरून घरात जेवढी चर्चा झाली तेवढी आमच्या लग्नाच्या बोलणीतही झाली नसेल. "एकच वस्तू दोनदा पाहायची, आणि सप्तरंगी माती एकदाही नाही?" हा यांचा सवाल. मातीला वेळ उरला तर जाऊ, असा तह झाला. तो कोणाच्या बाजूने फिरणार हे दोघांनाही ठाऊक होते.

तिसरी गोष्ट नकाशा पाहूनही आधी लक्षात आली नव्हती. या दरीला माथा आहे आणि तळ आहे, आणि दोन्हीकडे उद्यानाची माहिती केंद्रे आहेत. वरचे पेत्रँ येथे, खालचे ब्लॅक रिव्हरच्या बाजूला, नदीकाठी. नकाशावर दोन्ही जवळजवळ. पण दोहोंना जोडणारी मोटारीची वाटच नाही. पायवाट आहे, माशाबे नावाच्या कड्यावरून ती झपकन खाली उतरते आणि धडधाकट माणसाचाही चांगला अर्धा दिवस घेते. मोटारीने जायचे तर सगळा डोंगर वळसा घालून पुन्हा किनाऱ्यावर यावे लागते. आमच्या मुलीला ही पायवाट उतरायची होती. ती अकरावीत आहे आणि भूगोल तिचा जीव की प्राण. तिला आजीसाठी वर थांबावे लागणार होते. ती काही बोलली नाही, पण दोन दिवस माझ्याशीही बोलली नाही.

मे महिना निवडला तो शाळा-कॉलेजांच्या सुटीमुळे, पण तो तिथे बरा पडतो. नोव्हेंबर ते एप्रिल हे तिथले वादळांचे महिने. मेमध्ये ते सरलेले असतात आणि दक्षिण गोलार्धातला हिवाळा सुरू होत असतो. फक्त दिवस लहान असतो. सहाच्या आत अंधार पडू लागतो, हे आखणी करताना विसरून चालत नाही. उलट एक गोष्ट फुकटात आमच्या बाजूची निघाली. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. सासूबाई जन्मभर पाचला उठत आल्या. तिथे त्या साडेतीनलाच उठून, आंघोळ करून, शाल पांघरून खुर्चीत बसलेल्या असत. पहाटे निघायला कोणाला हाका माराव्या लागल्या नाहीत.

सहाला मोटार आली. चालक पन्नाशीचा, बुटका, हसतमुख. सासूबाईंना हाताला धरून बसवताना मी म्हटले, "आई, पायरी आहे, सांभाळून." तो दार धरून उभा होता तो एकदम म्हणाला, "मराठी? आमी पण मराठी."

मॉरिशसमध्ये मराठी माणसे आहेत हे मी वर्गात वीस वर्षे सांगत आले आहे. १८३४ पासून उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेण्यात आले. पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे त्या बेटावर उतरली. त्यांतली काही मुंबई बंदरातून, कोकणातून गेलेली. १८९६ साली हेन्रिएटा गावातल्या एका मराठी कुटुंबाने प्रथम गणपती बसवला, असे तिथे सांगतात. आज गणेश चतुर्थीची तिथे सरकारी सुटी असते. हे सगळे मला पाठ होते. पण पाठ असलेली गोष्ट पहाटेच्या अंधारात मोटारीचे दार धरून समोर उभी राहिली की काय बोलावे ते सुचत नाही. त्याच्या घरी क्रिऑल बोलतात. मराठी तो प्राथमिक शाळेत शिकला, आणि थोडी आजीकडून. आरत्या सगळ्या येतात. वाक्य जुळवायला वेळ लागतो, पण जुळते.

सासूबाईंनी लगेच चौकशी सुरू केली. "गाव कुठलं तुमचं?"

त्याने किनाऱ्यावरच्या गावाचे नाव सांगितले.

"ते नव्हे हो. मूळ गाव?"

"रत्नागिरी," तो म्हणाला. थोडा थांबून, "आजी रत्नागिरी बोलायची. गाव नाय माहीत."

सासूबाई काही वेळ बोलल्या नाहीत. मग पिशवीतली आल्याची वडी काढून त्याच्या हातावर ठेवली. ती घाटात गाडी लागू नये म्हणून आणली होती, पण त्याला ते सांगण्याची गरज नव्हती.

काझ न्वायालपासून शामारेलचा घाट चढतो तो आपल्या एखाद्या जुन्या घाटासारखा, वळणावर वळण. मागे उथळ समुद्र फटफटत होता. वर आलो तसा गारवा जाणवू लागला, पुढे प्लेन शांपान्य नावाचे सातशे मीटरच्या आसपास उंचीचे पठार लागले, आणि तिथेच काचेवर पहिला थेंब पडला. सव्वासातला आम्ही दरीच्या काठावर होतो. गाडीतळावर आमच्याशिवाय कोणी नव्हते. थोड्या पावलांवर कठडा आहे. कठड्यापलीकडे पांढरे.

पांढरे म्हणजे अगदी चुना दिलेल्या भिंतीसारखे. हाताच्या अंतरावर एक झुडूप दिसत होते आणि नंतर काही नाही. दोन महिने आखलेल्या बेताचे हे रूप पाहून मला रडू येण्याच्या बेतात होते. यांनी घड्याळ पाहिले नाही, एवढे त्यांचे उपकार.

आम्ही तास-दीड तास तिथेच बसलो. मुलीने तेवढ्यात आजीला दरीतल्या ससाण्याची गोष्ट सांगितली. मॉरिशसचा केस्ट्रेल म्हणून एक लहान शिकारी पक्षी आहे, जगात फक्त त्या बेटावर. रान तुटले, विषारी फवारे मारले गेले, आणि १९७४ मध्ये रानात अवघे चार पक्षी उरल्याची नोंद झाली. त्यांचा शेवटचा आसरा ही दरी. मग अंडी उबवून, पिल्ले वाढवून, सोडून, पुन्हा सोडून तो पक्षी शेकड्यांवर आणला गेला. "चारांवरून?" सासूबाईंनी दोनदा विचारले. ज्या बेटाने डोडो गमावला त्याच बेटावर हेही घडले, हे मला फार बरे वाटले. या दरीने आणखीही कोणाकोणाला लपवले आहे. गुलामगिरीच्या काळात मळ्यांवरून पळालेली माणसे याच रानांत आसरा घेत. १८३५ मध्ये तिथली गुलामगिरी कायद्याने संपली, आणि त्यांच्या जागी ऊस तोडायला जी माणसे आली त्यांतच आमच्या चालकाच्या आजीची माणसे.

पावणेनऊ झाले तरी भिंत हलेना. तेव्हा पुढे निघालो. जवळच अलेक्झांड्रा धबधब्याचे ठिकाण आहे. तिथे धबधबा फक्त ऐकला. रस्त्याच्या कडेला मात्र एक गंमत होती. लाल, बोराएवढ्या चिनी पेरूंची झुडपेच झुडपे, आणि गाड्या थांबवून पिशव्या भरणारी माणसे. हे झाड बाहेरून आणलेले, ब्राझीलकडचे, आणि तिथल्या मूळ रानाचा गळा घोटणारे. पण फळ आंबटगोड आणि फार छान. शत्रू म्हणून खावे की पाहुणा म्हणून, हे न ठरवता आम्ही ओंजळभर खाल्ले.

गंगा तलाव हे विवरात साचलेले तळे. काठावर शंकराची १०८ फुटी मूर्ती २००७ पासून उभी आहे. महाशिवरात्रीला बेटभरातून लोक इथे पायी येतात. सासूबाईंनी हात जोडले, पाणी डोळ्यांना लावले, आणि मूर्तीकडे मान वर करून बराच वेळ पाहिले, आधी त्रिशूळ, मग जटा, मग चेहरा. अर्ध्या तासात निघालो. पेत्रँला धोल पुरी खाल्ली. डाळीचे सारण भरलेली ही पातळ पोळी जोडीने देतात, आत घेवड्याची रस्सेदार भाजी आणि चटणी. पुरणपोळीची ही बिनगुळाची बहीण बिहारी मजुरांबरोबर तिथे गेली. सकाळीच घेऊन ठेवली होती ते बरे झाले. मात्र उघड्यावर खायला बसू नये. तिथली माकडे, तीही बाहेरून आणलेलीच, हातातला घास नेतात. यांची एक पुरी गेली. त्यावर मुलगी दोन दिवसांत प्रथमच हसली.

साडेबाराला पुन्हा दरीच्या काठावर आलो. भिंत तशीच, जरा पातळ झालेली. आता गर्दी होती. एक मोठी बस आली, तीस-चाळीस माणसे उतरली, पांढऱ्या भिंतीपुढे उभे राहून एकमेकांची छायाचित्रे काढली, अननसाच्या तिखटमीठ लावलेल्या फोडी घेतल्या, आणि मार्गदर्शकाने टाळ्या वाजवताच परत बसमध्ये चढली. मी मनात मोजले, बारा मिनिटे. त्यांचा दोष नाही. पुढे सप्तरंगी माती होती.

बस वळणाआड गेली असेल नसेल, वारा फिरला. आधी कठड्याखालची झाडे उमटली. मग त्यांच्या खालची. मग खूप खोलवर हिरव्या रंगाचा एक ठिपका, त्याला जोडून दुसरा, आणि एकाएकी पडदा ओढावा तसा ढग डावीकडे सरकला. सारी दरी समोर उघडी पडली, एकात एक गुंतलेले रानाचे कडे, दूर एका काळ्या भिंतीवरून कोसळणारी पाण्याची रेघ, आणि शेवटी दरीच्या तोंडाशी चिमूटभर चकाकता समुद्र.

मी काही बोलणार होते, पण मुलीने मला खुणेनेच थांबवले. तिने आजीच्या मागे उभे राहून दोन्ही खांदे धरले. "आजी, आधी समोर. झाडं दिसतात? आता हळूहळू खाली. अजून खाली. थांब. आता उजवीकडे."

सासूबाईंची मान इंचाइंचाने फिरत होती. "हं," म्हणत. मध्येच "मागे घे," म्हणत. एकदा तळापर्यंत पोहोचल्या आणि एकदम कठडा घट्ट धरला. "अगं बाई, संपतच नाही की!" दरी खोल असते म्हणजे काय, ते त्यांना त्या क्षणी कळले. आपल्याला एकदम सगळे दिसते म्हणून खोली अशी कळत नाही. त्यांची नजर पायरी पायरी उतरत गेली होती.

धबधब्यापाशी त्या फार वेळ रेंगाळल्या. काळ्या खडकाचे थर पाहून म्हणाल्या, "हा तर आपलाच कातळ."

इथे आमच्या भूगोलवालीला राहवेना. तिने सांगितले ते असे. पृथ्वीच्या पोटात एका जागी एक मोठी आग आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपला भूखंड तिच्यावरून जात असताना लाव्हाचे थरांवर थर पसरले. तेच आपले दख्खनचे पठार, तोच सह्याद्रीचा कातळ. भूखंड उत्तरेला सरकत गेला, आग जागेवर राहिली. तिनेच मागाहून लक्षद्वीप-मालदीवच्या खालचा डोंगर रचला, ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी हे बेट वर काढले, आणि आज ती शेजारच्या रेयुनियों बेटाखाली धगधगते आहे. शास्त्रज्ञांचे बहुमत असे आहे.

सासूबाईंनी ते नीट ऐकून घेतले. "म्हणजे चूल एकच," त्या म्हणाल्या. "पहिली भाकरी आपली. ही मागची."

चालक शेजारी उभा होता. त्याला हे कितपत कळले कोण जाणे. तो म्हणाला, "आजी, पक्षी!" कठड्याच्या खाली, दरीच्या पोकळीत, एक शुभ्र पक्षी तरंगत होता, शेपटीला दोन लांब पांढरे धागे असल्यासारखा. समुद्रावर राहणारा आणि कड्यांत घरटे करणारा हा पक्षी तिथल्या विमानकंपनीने आपल्या चिन्हासाठी घेतला आहे. असा फिरता पक्षी सासूबाईंच्या नजरेच्या वर्तुळात सापडणे अवघड. मुलीने त्यांची हनुवटी धरून डावीकडे, उजवीकडे केली, दोनदा चुकला. तिसऱ्यांदा तो आपण होऊन तिथे आला आणि सरळ रेषेत हळूहळू निघून गेला. "दिसला," त्या म्हणाल्या. "शेपटीसकट."

तीन वाजेपर्यंत आम्ही तिथे होतो. ढग येत होते, जात होते. यांनी एकदाही घड्याळाचा उल्लेख केला नाही. शेवटी मीच आठवण केली, कारण अंधाराच्या आत तळाशी जायचे होते. शामारेलला सप्तरंगी मातीची पाटी आली तेव्हा चालकाने वेग कमी केला. लोखंड आणि ॲल्युमिनियमच्या भस्मांमुळे तिथली माती तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत निरनिराळे रंग दाखवते म्हणतात. यांनी पाटीकडे पाहिले, आईकडे पाहिले. त्या डोळे मिटून बसल्या होत्या. "चला सरळ," हे म्हणाले. ही माती आमच्या घरी आता फक्त कॅलेंडरावर आहे.

घाट उतरून, किनाऱ्याने मागे येऊन, ब्लॅक रिव्हर गावापाशी आत वळलो. खालच्या केंद्रापाशी मोटारीचा रस्ता संपतो. तिथे नदी आहे, गोट्यांवरून वाहणारी, आपल्या कोकणातल्या नदीसारखी पावसाळ्याखेरीज शांत. साडेचारला कड्यांची सावली तळावर आलेली होती. मुलगी आणि तिचे बाबा पायवाटेने अर्धा तास वर जाऊन आले; तेवढीच तिच्या वाट्याला आली. मी सासूबाईंना एका धोंड्यावर बसवले. त्यांनी चपला काढून पाय पाण्यात सोडले आणि मान वर करून, दुपारी जिथे उभ्या होत्या तो कडा शोधू लागल्या. मलाही तो नक्की कुठला ते सांगता येईना.

"असू दे," म्हणाल्या. "खालून पाहायची मला सवय आहे."

थेंबांची वेळ आम्ही भारताच्या घड्याळाने पाळत होतो. आपले नऊ म्हणजे तिथले साडेसात. त्या रात्री मी थेंब घालत असताना हे डायरी उघडून बसले होते. "उद्या काचेच्या तळाची होडी," त्यांनी जाहीर केले. "साडेआठला निघायचं."

"तुम्ही जाऊन या," सासूबाई मिटल्या डोळ्यांनी म्हणाल्या. "मी उद्या झोपणार आहे. आणि तो गाडीवाला आला ना, तर उरलेल्या आल्याच्या वड्या त्याला द्या. घरी पोरं असतील त्याच्या."